व्हिडिओ कॉल झाला, फोटो निघाले… पुढे काय? (परदेशातल्या शाळेशी जोडून घेण्याबद्दल अनुभव हवेत)

साकवापलीकडची शाळा | १२ जुलै, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत मी नऊ वर्षं शिकवतोय. पहिली ते सातवी, पट ३१, शिक्षक तिघे. शाळा वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे. साकव (छोटा पूल) ओलांडला की शाळा, आणि वहाळाला लोंढा आला की आमची आपोआप सुट्टी. मोबाइलची रेंज शाळेच्या मागे जांभळाखाली जो दगड आहे त्यावर उभं राहिलं तरच बरी येते. एवढं आधी सांगतो, म्हणजे "सर, क्लाउडवर टाका ना" असे सल्ले येणार नाहीत. आमच्याकडे क्लाउड भरपूर आहेत, सगळे खऱ्या पाण्याचे.

तर झालं असं. गेल्या फेब्रुवारीत आमच्या पोरांचा पोलंडमधल्या एका शाळेशी व्हिडिओ कॉल झाला. ओळखीतून ओळख निघाली, तिकडच्या बाई उत्साही निघाल्या. आमच्याकडे दुपारचे अडीच, त्यांच्याकडे सकाळचे दहा. पंधरा दिवस तयारी चालली होती. "माय नेम इज अमुक, आय स्टडी इन सिक्स्थ स्टँडर्ड" हे प्रत्येकाकडून इतकं घोटून घेतलं की पहिलीतली एक पोरगी आईला घरी गेल्यावरही तसंच सांगत होती. लेझीम बसवलं. मुलींनी नऊवारी नेसल्या. केंद्रप्रमुख आले, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आले, आणि कॉलमध्ये पोरांपेक्षा मोठ्या माणसांचीच डोकी जास्त दिसत होती.

तिकडच्या मुलांनी विचारलं, तुमच्याकडे हत्ती आहेत का. आमच्या मुलांनी विचारलं, तुमच्याकडे बर्फ पडतो का. नाही. हो. टाळ्या. मग लेझीम सुरू झालं आणि त्याच्या आवाजात तिकडच्या बाई काय बोलल्या ते कुणालाच कळलं नाही. बत्तिसाव्या मिनिटाला चित्र गोठलं, ते गोठलंच. दुसऱ्या दिवशी पेपरात "दुर्गम वाडीतील विद्यार्थ्यांचा थेट पोलंडशी संवाद" अशी बातमी, तालुक्याच्या ग्रुपवर अभिनंदनाचे अंगठे. अहवाल मीच लिहिला, छान लिहिला. त्यानंतर शून्य. त्या बाईंचा एक मेल आला, मी एक उत्तर दिलं, मग त्यांच्या परीक्षा, आमच्या परीक्षा.

मला खुपतेय ती गोष्ट वेगळीच आहे. कॉल चालू असताना सहावीतली एक मुलगी मागून पुढे आली आणि मराठीतच म्हणाली, "सर, यांना विचारा, पाऊस जास्त झाला की यांची शाळा सोडतात का?" मी तिला हातानेच गप्प केलं. ठरलेले प्रश्न आधी होऊ देत, म्हटलं. अख्ख्या कार्यक्रमात मनापासून आलेला प्रश्न तेवढाच होता, आणि तो मीच दाबला. ही मुलगी जूनपासून सातवीत आहे. वर्षभराने आमच्या हातून जाईल.

बैठका-प्रशिक्षणांत रणजितसिंह डिसले सरांचं उदाहरण हमखास निघतं. माढा तालुक्यातली पारितेवाडीची शाळा, पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ, दहा लाख डॉलर, त्यातले निम्मे त्यांनी बाकीच्या नऊ अंतिम स्पर्धकांना वाटले. ऐकून बरं वाटतं, अभिमानही वाटतो. पण बैठकीत बक्षिसाबद्दलच बोलतात. सोमवारी सकाळी वर्गात नेमकं काय करायचं ते कुणी सांगत नाही.

म्हणून विचारतो:

दुसऱ्या देशातल्या, किंवा दुसऱ्या राज्यातल्यासुद्धा, शाळेशी कुणी वर्षभर टिकलेलं काही केलंय का? "हॅलो, नमस्ते"च्या पुढे? नेट जेमतेम, मुलांचं इंग्रजी जेमतेम, माझंही फार नाही. एका कंपनीने दिलेले चार टॅब आहेत, त्यांतले दोन चालतात. आणि हे करून मुलांच्या शिकण्यात खरंच काही फरक पडतो का, की ही आपलीच हौस? खरं बोला. वाईट वाटून घेणार नाही.

---

बालाघाटची बाई | १३ जुलै, सकाळी ६.१५

सर, तुमची पोस्ट वाचून आधी हसले, मग लेझीम आठवून गप्प बसले. आम्हीही तेच केलंय. आमच्या वेळी ढोल होता.

मी बीड जिल्ह्यात आहे. आमच्या शाळेची गोष्ट परदेशापासून नाही, उसाच्या फडापासून सुरू होते. दिवाळी झाली की माझा निम्मा वर्ग आईबापाच्या मागे कारखान्याला जातो, कुणी कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. आता हंगामी वसतिगृहं आहेत, आजीआजोबांकडेही काही राहतात, तरी जाणारे जातातच. चार वर्षांपूर्वी पाचवीतला एक मुलगा गेला आणि आठवड्याने वडिलांच्या फोनवरून त्याने मला व्हॉइस मेसेज पाठवला. "बाई, इथं कोपीत उंदीर लई हायेत. तिकडं काय शिकवलं?" (कोपी म्हणजे तोडकऱ्यांची झोपडी.) बस. मी तो वर्गात लावला. वर्ग हसला, मग वर्गाने उत्तर रेकॉर्ड केलं. मार्चपर्यंत ते चाललं. तो रोज किती मोळ्या बांधल्या ते सांगायचा, पोरं त्याची बेरीज फळ्यावर ठेवायची. मे महिन्यात परत आला तेव्हा लिहिण्यात मागे पडला होता, खोटं का सांगू, पण वर्गाला परका झाला नव्हता. आधीची पोरं परत यायची ती मागच्या बाकावर पाहुण्यासारखी बसायची.

तेव्हा मला कळलं की कॉल नको, निरोप हवा. कॉलला दोन्हीकडे एकाच वेळी नेट लागतं, वीज लागते, नऊवारी लागते. निरोप दगडावर उभं राहून पाठवता येतो.

पुढच्या वर्षी ओडिशातल्या एका शाळेशी जोडून घेतलं. केंद्र सरकारच्या "एक भारत श्रेष्ठ भारत" उपक्रमात महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी आहे हे तुम्हाला माहीत असेलच. कागदावरची जोडी म्हणजे पोस्टर आणि वेशभूषा. आम्ही दोघी बाईंनी ठरवलं की पहिले दोन महिने एकमेकांची तोंडं बघायचीच नाहीत. आठवड्याला एक आवाजाचा निरोप, एक मिनिटाचा, आणि एक फोटो. फोटोत माणूस नको, वस्तू हवी. आमच्या मुलांनी पहिला फोटो पाठवला चुलीवरच्या भाकरीचा. तिकडून आला पाण्यात बुडवलेल्या भाताचा. पोरं म्हणाली, "बाई, यांचा भात सांडला." तो पखाळ होता, रात्रीचा भात पाण्यात ठेवून सकाळी खातात. मग आमच्यातली एक म्हणाली, आमची आजी शिळी भाकरी ताकात कुस्करते, ते काय वेगळं आहे? तिथून प्रश्नांना तोटा राहिला नाही. उन्हाळ्यात अन्न का आंबतं, ताकात काय असतं, असं करत विज्ञानाचा एक धडा आपोआप उरकला.

भाषेचं म्हणाल तर मोडकं हिंदी. दोन्हीकडचं मोडकं होतं म्हणून कुणी लाजलं नाही. इंग्रजी असतं तर दोनच मुलं बोलली असती, हे मी पैजेवर सांगते.

एक मात्र कटाक्षाने पाळा. मुलांचे नंबर, आडनावं, घराचे फोटो काहीही इकडून तिकडे जाऊ द्यायचं नाही. ग्रुप फक्त शिक्षकांचा. पालकांची लेखी संमती घ्या, मराठीत, वाचून दाखवून. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीला पालकांची संमती लागते असं आहेच, पण कायदा नसता तरी घेतली असती.

तुमच्या त्या मुलीचा प्रश्न अजून शिळा झालेला नाही. तोच पहिला निरोप म्हणून पाठवा. कुठल्या देशाला ते नंतर बघू.

---

एक बाप, पिंपरी-चिंचवड | १३ जुलै, दुपारी १.०५

रागावू नका, पण सातवीच्या पोरांना भागाकार येत नाही अशा बातम्या दरवर्षी वाचतो. आणि आपण पोलंडला हत्ती दाखवतोय. शिक्षकांचा वेळ आधीच ऑनलाइन माहित्या भरण्यात जातो, त्यात हे. माझी मुलगी खासगी शाळेत आहे, तिथेही "ग्लोबल क्लासरूम" नावाचं काहीतरी असतं. फी त्याची वेगळी. वर्षातून दोन कॉल. तिला विचारलं, काय शिकलीस? म्हणाली, "त्यांच्याकडे लॉकर असतात." पाढे पाठ करून घ्या, मुलं जग आपोआप बघतील.

---

बालाघाटची बाई | १३ जुलै, दुपारी २.३०

@एक बाप: तुमचं अर्धं पटतं. दोन कॉल आणि वेगळी फी, ही जत्राच. पण पाढे आणि निरोप यांचं वैर नाही दादा. मोळ्यांची बेरीज माझ्या पोरांनी जेवढ्या वेळा केली तेवढी पुस्तकातली कधीच केली नाही. आपल्या दोस्ताच्या मोळ्या होत्या ना त्या.

---

निवृत्त गुरुजी | १४ जुलै, सकाळी ११.२०

तुम्ही तरुण मंडळी स्काइप, झूम म्हणता. स्काइप तर २०२५ च्या मे महिन्यात बंदही झालं. यंत्रं येतात नि जातात. १९२६ मध्ये फ्रान्समध्ये फ्रेने नावाच्या एका खेडेगावातल्या मास्तराने हातछपाईच्या छोट्या यंत्रावर मुलांचेच लेख छापून फ्रान्समधल्याच ब्रिटनी प्रांतातल्या दुसऱ्या खेड्यातल्या शाळेला टपालाने पाठवायला सुरुवात केली. तिकडूनही छापलेले लेख येत. एक गाव दक्षिणेच्या डोंगरातलं, दुसरं समुद्राकाठचं. आपलं लिहिलेलं खरोखर कुणीतरी अनोळखी वाचणार आहे म्हटल्यावर मुलं शुद्धलेखनाची काळजी स्वतःच घेऊ लागतात, हे मी माझ्या नोकरीत पोस्टकार्डांवर करून पाहिलं आहे. आणि साने गुरुजींनी आंतरभारती म्हटलं ते तरी काय? अमळनेरच्या वसतिगृहात ते स्वतः हाताने लिहून रोज "छात्रालय" काढत. रोज! आणि आपण वर्षभर जमेल का म्हणून विचारतो.

जमेल. सुरू करा.

---

इंद्रधनू, मॉरिशस | १९ जुलै, सायंकाळी ७.५०

सर्वांना नमस्कार. मी मॉरिशसमधून लिहिते आहे. इथल्या प्राथमिक शाळेत मराठी शिकवते. माझ्या मराठीत चूक असेल तर क्षमा करा, मी ती घरी नाही, शाळेत शिकले आहे. घरी आम्ही क्रियोल, म्हणजे इथली बोली, बोलतो.

ही चर्चा मला माझ्या एका मैत्रिणीने पाठवली. "रत्नागिरी" हा शब्द वाचला आणि लिहायचं ठरवलं. आमचे पूर्वज गिरमिटिया, म्हणजे करारावरचे, मजूर म्हणून उसाच्या मळ्यांत आले, १८३४ नंतरच्या काळात, आणि मराठी लोकांतले पुष्कळ कोकणातून आले. पोर्ट लुईला आप्रवासी घाट आहे, तिथल्या पायऱ्या चढून ते या देशात आले. आमच्यातल्या अनेकांना "कर" लावलेलं आडनाव नाही. नोंदणीच्या वेळी कारकुनाने जे नाव ऐकलं, ते फ्रेंच-इंग्रजी पद्धतीने लिहिलं, आणि पणजोबांचं पहिलं नाव हेच आज आमचं आडनाव आहे. म्हणून आपलं गाव कोणतं, ते आम्हाला आडनावावरून कळत नाही. माझ्या वर्गातली मुलं मला विचारतात, "मिस, कोकण कसं दिसतं?" मी नकाशा दाखवते. आणखी काय दाखवणार?

इथे मुलांना शाळेत आपल्या पूर्वजांची भाषा निवडता येते, तशी माझ्याकडे पाचवीतली अकरा मुलं आहेत. त्यांना मराठी वाचता येतं, बोलायला लाजतात. कारण बोलायला कुणी नाही, फक्त मी आणि परीक्षा.

गणपतीत आमच्याकडे झाकरी नाचतात. मला वाटतं तुम्ही तिला जाखडी म्हणता.

सर, तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे, पण मी देणार नाही. माझी मुलं देतील. सध्या आमची सुट्टी आहे, ऑगस्टमध्ये नवं सत्र सुरू झालं की. आमचं घड्याळ तुमच्यापेक्षा दीड तास मागे आहे. तुमच्या शाळेचा आणि आमच्या शाळेचा वेळ बराचसा जुळतो, पण बीडच्या बाईंचं ऐकून आपण कॉल करू नये असं मला वाटतं. निदान एवढ्यात नाही.

---

साकवापलीकडची शाळा | १९ जुलै, रात्री ११.३०

मॅडम, काय बोलू. उद्या सकाळी परिपाठाला तुमची ही पोस्ट वाचून दाखवतो. जाखडीच ती. आमच्याकडे बाल्या नाचही म्हणतात. शाळेतल्या चार पोरांचे बाप नाचात आहेत, गणपतीत त्यांना सुट्टी मागायला मुंबईत मुकादमाच्या हातापाया पडावं लागतं.

सविस्तर मेल करतो.

---

साकवापलीकडची शाळा | २८ सप्टेंबर, सायंकाळी ५.२०

मंडळी, दोन महिन्यांनी येतोय. जुलैत इतक्यांनी वेळ काढून लिहिलं, तर काय झालं ते सांगायला हवं.

पहिला निरोप मी गप्प केलेल्या त्या मुलीचाच गेला, मॉरिशसला. अठरा सेकंदांचा. "आमच्याकडे पर्‍याला पाणी आलं की सर शाळा सोडतात. साकवावरून आम्हाला एकेकाला धरून नेतात. तुमच्याकडे पाऊस जास्त झाला की शाळा सोडतात का?" दगडावर उभं राहून मीच पाठवला, छत्री एका हातात.

तीन दिवसांनी उत्तर आलं. एका मुलाचा आवाज, प्रत्येक शब्द पायरी उतरल्यासारखा वेगळा. "हो. आमच्याकडे वादळ येते. रेडिओवर इशारा सांगतात. इशाऱ्याचे चार वर्ग आहेत. वादळ जवळ आले की शाळा बंद. आम्ही खुश. आई खुश नाही." शेवटी त्याने क्रियोलमध्ये म्हटलं, "लापली पे तोंबे", म्हणजे पाऊस पडतोय. आमच्या वर्गात आता पत्र्यावर सर आली की पहिलीपासून सातवीपर्यंत सगळे "लापली पे तोंबे" ओरडतात. केंद्रप्रमुखांनी भेटीला आल्यावर विचारलं, ही कुठली बोली?

मग डाळवडा झाला. तिकडून गोल तळलेल्या वड्यांचा फोटो आला, नाव "गातो पिमां", शब्दशः मिरचीचा केक. डाळ भिजवून, वाटून, मिरची घालून तळलेला. आमच्याकडच्या एका पोराने कपाळाला हात लावला, "केक कसला, ह्यो वडा!" त्यावर वाद जुंपला की वस्तू तीच असून नाव वेगळं असेल तर ती वस्तू कुणाची. तो वाद मी मिटवला नाही. चालू दे म्हटलं.

पण मला सांगायचं आहे ते सावलीचं.

आमच्या सहावी-सातवीला अक्षांश-रेखांश असतात आणि दरवर्षी ते पोरांच्या डोक्यावरून जातात. मॅडमशी ठरवलं की २२ सप्टेंबरच्या आसपास, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात त्या सुमाराला, दोन्ही शाळांनी एक मीटरची काठी उभी करायची आणि भर दुपारी सावली मोजायची. २२ ला आमच्याकडे ढग. २३ ला त्यांच्याकडे. २४ ला आमचा पाऊस. पोरं रोज सकाळी आभाळाकडे बघून तिकडे निरोप पाठवत होती, जणू लग्नाचा मुहूर्त काढतायत. २५ ला दोन्हीकडे ऊन पडलं.

काठी म्हणजे नळाच्या पाइपाचा तुकडा. सरळ उभी आहे की नाही ते बघायला एकाने बापाचा ओळंबा आणला. बाप गवंडी आहे. पोरगा एरवी गणिताच्या तासाला खिडकीबाहेर बघणारा, त्या दिवशी ओळंबा त्याच्या हातात म्हणून तोच मुकादम. "हलवू नको. बाजूला हो, तुझी सावली पडते."

पावणेबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवायचा. सगळ्यात आखूड सावली ती मध्यान्हीची. बारा वाजले. पोरांनी खडा ठेवला आणि मोजायला पट्टी काढली. मी म्हटलं, थांबा. पाच मिनिटांनी सावली अजून आखूड. मग अजून आखूड. "सर, घड्याळ बिघडलंय." घड्याळ नीट होतं. सगळ्यात आखूड सावली साडेबाराच्या जरा आधी आली. मग वर्गात नकाशा लावला. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची, मिर्झापूरजवळून जाणारी. आपण त्याच्या नऊ-साडेनऊ अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं. पोरांनी गुणाकार केला, ३६-३७ मिनिटं आली. सप्टेंबरात सूर्य घड्याळाच्या आठेक मिनिटं पुढे असतो, ती वजा केली की उरतो जवळपास अर्धा तास. नऊ वर्षं मी "बारा वाजता सूर्य डोक्यावर" असं शिकवत आलोय. माफी मागितली पोरांची. (डोक्यावर तर तो आमच्याकडे वर्षात दोनदाच येतो. एकदा मे महिन्यात, तेव्हा शाळेला सुट्टी. दुसऱ्यांदा ऑगस्टच्या सुरुवातीला, तेव्हा त्याला ढगांनी सुट्टी दिलेली.)

आमची सावली ३२ सेंटिमीटर. उत्तरेकडे, शाळेच्या दाराच्या दिशेने.

दीड वाजायच्या सुमाराला तिकडचा फोटो आला. त्यांची मध्यान्ह आमच्यानंतर तासाभराने. सावली ३६ सेंटिमीटर, आणि जमिनीवर खडूने बाण काढून लिहिलेलं, "दक्षिण".

वर्गात शांतता. मग ओळंबेवाला म्हणाला, "सर, त्यांनी फोटो उलटा पाठवला."

मी काही बोललो नाही. फोटो फिरवून बघितला. खडूची अक्षरं उलटी झाली. पुन्हा सरळ केला. एकाने विचारलं, त्यांचं होकायंत्र बिघडलं असेल का? निरोप पाठवला. उत्तर आलं, नाही, आमची सावली आता दक्षिणेलाच पडते, तुमचीच उलटी आहे. हे ऐकून आमची पोरं चिडली. खरोखर चिडली. पाच-सहा मिनिटं भांडण चाललं, मग आमच्या त्या सातवीतल्या मुलीने बाकावरचा चेंडू उचलला, त्यावर दोन काड्या चिखलाने चिकटवल्या, एक वर, एक खाली, आणि खिडकीच्या उन्हात धरला. दोन सावल्या दोन दिशांना. "विषुववृत्त मधे आहे," ती म्हणाली. मी पाठीमागे हात बांधून उभा होतो. यावेळी हात हलवला नाही.

दुसऱ्या दिवशी वहीवर छोट्या प्रमाणात त्रिकोण काढले, दहा सेंटिमीटरची काठी, ३.२ ची सावली, आणि कोनमापकाने कोन मोजला. आमचा १८ अंश, त्यांचा २०. सावल्या उलट्या, म्हणून बेरीज ३८. फोनवरच्या नकाशात आपल्या वाडीपासून सरळ दक्षिणेला मॉरिशसच्या अक्षांशापर्यंत रेघ ओढली तर सुमारे ४,१०० किलोमीटर. ३८ अंशांना ४,१००, तर ३६० अंशांना किती?

@एक बाप, हे तुमच्यासाठी: तो भागाकार तिघांनी फळ्यावर केला, दोघांचा चुकला, आणि चुकलेल्यांनी कुणी न सांगता पुन्हा केला. उत्तर आलं ३८,८०० च्या आसपास. पुस्तकात पृथ्वीचा परीघ ४०,००० दिलाय. एवढा फरक कशामुळे पडला यावर अजून चर्चा चालू आहे. आमच्या बाजूचं एकमत असं की मॉरिशसवाल्यांनी पट्टी तिरकी धरली. त्यांचं आमच्याबद्दल तेच मत आहे, मॅडमनी कळवलं.

सगळं गोड झालं असं नाही. गणपतीत जाखडीचं रेकॉर्डिंग पाठवायचं ठरलं होतं, पण नाच रात्रभर चालला आणि फोनची बॅटरी पहिल्या गाण्यातच गेली. त्यांच्या झाकरीचा तुकडा आला. गावातल्या एका सत्तरीच्या बुवांना ऐकवला, त्यांनी डोळे मिटून ऐकला, म्हणाले चाल ओळखीची वाटते, शब्द कळत नाहीत, पुन्हा लाव. चार वेळा लावला. ते नीट उतरवून घ्यायचं काम दिवाळीनंतर. तिसरी-चौथीची मुलं या सगळ्यात मागेच राहिली, तेही खरं. त्यांच्याजोगं काय करता येईल, कुणाला सुचलं तर सांगा. एका आईने संमती दिली नाही, तेव्हा तिच्या मुलाचा आवाज जात नाही. तो सावलीचे आकडे वहीत उतरवतो आणि त्याचं अक्षर सगळ्यांत चांगलं आहे. आणि तो दुसरा टॅबही आता बंद पडलाय.

पोलंडच्या बाईंनाही परवा मेल केला. लेझीमबद्दल दिलगिरी व्यक्त केली. हिवाळ्यात त्यांच्याकडे सावली किती लांब पडते ते मोजून पाठवाल का, विचारलं. उत्तर यायचंय.

काल त्या मॉरिशसच्या मुलाचा नवा निरोप आला. आमच्या साकवाचा फोटो त्याने बघितला होता. "तुमच्या साकवाला किती पाय आहेत?" खांबांना तो पाय म्हणतो. आमच्या त्या सातवीतल्या मुलीने अजून उत्तर दिलेलं नाही. मी म्हटलं, सांग की, रोज तर जातेस त्यावरून. तर म्हणाली, दोन अजून पाण्याखाली आहेत सर, उतरलं की मोजून सांगते.